उष्णतेची कैफियत

घोड नदीच्या खोऱ्यात, मंचरहून घोडेगावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आमच्या गावची जी माध्यमिक शाळा आहे, तिच्या शाळा-समितीने गेल्या मार्च महिन्यात एक ठराव एकमताने, म्हणजे माझे एक मत वगळून उरलेल्या मतांच्या एकमताने, मंजूर केला. तो असा की, उन्हाळ्याच्या दिवसांत संगणक-कक्ष सकाळी अकरानंतर उघडू नये, एरवीही आठवड्यातून एका तासिकेहून अधिक काळ तो चालू ठेवू नये, आणि काम संपताच प्रत्येक यंत्रावर कापडी अभ्रा चढविण्यात यावा. ठरावास आधार म्हणून एका सद्गृहस्थांचा लेखी अभिप्राय जोडलेला होता. हे गृहस्थ एका साखर कारखान्याच्या विद्युत-विभागातून निवृत्त झालेले, बहुश्रुत, सत्शील आणि माझ्याविषयी निरंतर सद्भाव बाळगणारे आहेत. त्यांच्या घरचा चहा मी आजवर इतक्या वेळा घेतला आहे की, त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलताना हात किंचित अडखळतो. परंतु चहाची भीड सिद्धान्ताला पडू नये. अभिप्रायाचे सार थोडक्यात सांगावयाचे तर, प्रोसेसरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते; आंबेगाव-जुन्नरकडे वैशाखात पारा चाळिशीला टेकतो; सबब यंत्रे जितकी बंद तितकी चिरंजीव.

या ‘सबब’ शब्दाला माझी हरकत आहे.

प्रतिपक्षाचे जे खरे असेल ते आधी मान्य करावे, आणि मान्य करण्यासारखे त्यांच्या पदरी पुष्कळ आहे. १८८९ साली स्वान्ते आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तापमान आणि रासायनिक क्रियेची गती यांचा संबंध सूत्रात बांधला, तो कोणत्या पदार्थाच्या निमित्ताने? उसाच्या साखरेच्या. आम्लाच्या सान्निध्यात ही साखर फुटून तिच्या दोन साध्या शर्करा होतात, आणि तापमान चढू लागले की ही फाटाफूट पायरीपायरीने न वाढता उड्या मारीत वाढते, हे त्याने हिशेबात मांडले. तोडलेला ऊस उन्हात ताटकळला की त्याचा उतारा घटतो, हे ज्या गृहस्थांनी तीस गळीत हंगाम डोळ्यांनी पाहिले, त्यांना उष्णतेच्या विध्वंसक सामर्थ्याविषयी मी काय सांगावे? प्रोसेसरच्या अंतरंगातही अशाच मंद झिजेच्या क्रिया चालू असतात. तांब्याच्या ज्या अतिसूक्ष्म तारांतून वीज धावते, त्यांतील अणूंना इलेक्ट्रॉनांचा लोंढा कणाकणाने पुढे रेटीत नेतो, आणि पुराच्या पाण्याने बांध आतून पोखरावा तशी ती तार एके ठिकाणी पोकळ होत होत अखेर तुटते. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक याने १९६९ च्या सुमारास या झिजेचे जे समीकरण प्रसिद्ध केले, त्यात आऱ्हेनियसचेच उष्णतेचे पद जसेच्या तसे येऊन बसले आहे. ट्रान्झिस्टरमधील विद्युत्-रोधक पापुद्रा, जो आता काही अणूंच्याच जाडीचा उरला आहे, तोही वर्षानुवर्षांच्या दाबाखाली दुर्बल होत जातो आणि उष्णतेत अधिक त्वरेने होतो. हे सारे सत्य आहे, आणि ‘उष्णतेने काही बिघडत नाही’ असे म्हणणारा कोणी उद्या उठला तर त्याच्याविरुद्धही मी असाच लेख लिहीन.

तथापि ‘दहा अंशांना निम्मे’ हे मान निसर्गाने नाणेघाटातील शिलालेखासारखे दगडावर कोरून ठेवलेले नाही. आऱ्हेनियसच्या सूत्रात सक्रियण-ऊर्जा नावाची एक राशी असते. ती प्रत्येक झिजेगणिक निराळी. ही ऊर्जा ०.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली आणि तापमान ६० वरून ७० अंश सेल्सिअसवर नेले, तर झिजेचा वेग सुमारे दुप्पट होतो आणि गृहस्थांचे मान बरोबर ठरते. पण तीच राशी ०.३ धरली, की त्याच दहा अंशांत वेग केवळ १.३६ पटीने वाढतो, आणि ०.७ च कायम ठेवून १०० वरून ११० वर गेलो, तर तो पावणेदोन पटींच्या आसपास राहतो. अर्थात हा एक व्यवहारातला ठोकताळा आहे, आणि ठोकताळ्याने जमीन मोजता येते, पण तिचा सातबारा होत नाही. शिवाय ब्लॅकच्या समीकरणाचा जो अर्धा भाग अभिप्रायात गाळला गेला आहे, तो असा की, आयुष्य हे तारेतील प्रवाहाच्या घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह दुप्पट केला तर उष्णता तिळभर न वाढविताही आयुष्य चौथाईवर येते. आरोपी दोन असताना एकालाच बेड्या घालून कचेरीत उभे करणे हा न्याय नव्हे.

आणि निम्मे, पण कशाचे निम्मे? वडिलार्जित शंभर एकरांतून निम्मी जमीन गेलेला इसम आणि दोन गुंठ्यांतून निम्मी गेलेला इसम यांचे दुःख आपण एकाच मापाने मोजीत नाही. प्रोसेसर घडविणारे लोक त्याचे आयुर्मान ठरविताना तो माघातल्या पहाटेसारखा गारव्यात बसून राहील असे गृहीत धरीत नाहीत. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची अंतर्गत तापमर्यादा १०० अंशांच्या जवळपास असते. एएमडीने २०२२ साली आपली रायझन ७००० ही मालिका बाजारात आणली, तेव्हा पूर्ण भारात ९५ अंशांवर चालणे हीच तिची योजलेली रीत आहे, असे उघड सांगितले. या मर्यादेशी पोहोचताच प्रोसेसर आपण होऊन आपली गती आणि दाब उतरवितो, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर यंत्र बंद करून घेतो. पूर्वी असे नव्हते. २००१ साली एएमडीच्या त्या वेळच्या प्रोसेसरवरील हीटसिंक चालू यंत्रातून काढून घेताच तो धूर सोडून खलास झाल्याचे चित्रीकरण जगभर गाजले, आणि आमच्या गृहस्थांच्या मनावर बहुधा तोच धूर अद्याप रेंगाळत आहे. परंतु त्याच चित्रीकरणात इंटेलचा पेंटियम ४ हीटसिंकविना मंदावून का होईना, जिवंत राहिला होता, हे सांगावयाचे राहून जाते. शाळेच्या संगणकावर मुले मराठी टंकलेखन करतात, चित्रे रंगवितात, क्वचित एखादा हिशेब मांडतात. एवढ्या कामाने त्याचा प्रोसेसर वैशाखातही आपल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतो. पन्नास अंशांचा साठ झाला म्हणून त्याच्या मृत्युपत्राची तजवीज करणे हे वत्सलतेचे लक्षण असेल, विवेकाचे नव्हे.

येथवरचे विवेचन पुस्तकी झाले. आता प्रत्यक्ष पंचनामा ऐकावा. दहा वर्षांपूर्वी शाळेने बारा संगणक घेतले. त्यांपैकी सात बंद पडल्याने त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला, आणि प्रस्तावाच्या कारण-रकान्यात सातही वेळा एकच शब्द होता, ‘उष्णता’. मी समितीची रीतसर परवानगी काढून, पेठेतील एका दुरुस्ती-दुकानातल्या तरुणाच्या मदतीने, ती सातही यंत्रे एका रविवारी उघडली. दोन यंत्रांच्या मदरबोर्डावरील कपॅसिटर टरारून फुगले होते. दोघांचा वीजपुरवठा-संच जळालेला होता. त्यांपैकी एकात वाळलेली पाल मिळाली, जिने दोन तारांना एकत्र जोडण्याचे कार्य प्राणांच्या मोलाने पार पाडले होते. एकाची हार्ड डिस्क गेली होती. सहाव्याच्या आतील वायरी उंदराने कुरतडल्या होत्या. सातव्याला काहीच झाले नव्हते. त्याच्या स्मृतिपट्टीच्या सोनेरी पायांवर वर्षानुवर्षांच्या निजेने मळ धरला होता, तो त्या तरुणाने शाळेतल्याच एका मुलाचे खोडरबर घेऊन घासला, आणि यंत्र जागे झाले. नंतर आम्ही उरलेल्या सहांचे प्रोसेसर एकेक करून चालू मदरबोर्डावर बसवून पाहिले. सहाच्या सहा उत्तम चालले. ज्याच्या दीर्घायुष्यासाठी बाराही यंत्रांना दशकभर बुरख्यात ठेवले, तोच अवयव प्रत्येक मृतदेहात धडधाकट होता.

फुगलेल्या कपॅसिटरांच्या बाबतीत मात्र गृहस्थांना त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, आणि ‘दहा अंशांना निम्मे’ हा ठोकताळा त्यांना बराचसा लागू पडतो. पण कपॅसिटरभोवतीची हवा कोणी कोंडली? यंत्रावरचा अभ्रा पुरता न काढता मागची बाजू झाकलेली ठेवून ते चालू करण्याची वहिवाट आमच्याकडे होती, आणि पंख्याच्या जाळीवर धुळीचा व उसाच्या पाचटाच्या राखेचा जो थर मिळाला, त्यात अळीव पेरता आले असते. दसऱ्याला या यंत्रांना हळदकुंकू वाहिले जाई. ते पंख्याच्या पात्यांवर अजून शाबूत होते. श्रद्धेविषयी मला आदर आहे, तरी कुंकवाची जागा पात्यांवर नव्हे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत प्रबळ पुरावा घेतो, जो त्यांनी अभिप्रायात दिला नाही, पण देता आला असता. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळ-यंत्रांतील बिघाड इतके वाढले की, कंपनीला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यापोटी शंभर कोटी डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली. पुढल्याच वर्षी एन्व्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या चित्र-प्रोसेसरांसाठी पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. ही यंत्रे तापत होती, यात वाद नाही. परंतु मरत होते ते सिलिकॉन नव्हे. सिलिकॉन आणि त्याखालील पट्टिका यांना जोडणाऱ्या सूक्ष्म जोडांना तडे जात होते, आणि तडा निव्वळ तापण्याने जात नाही, तापून निवण्याने आणि निवून पुन्हा तापण्याने जातो. सिलिकॉन, डाख आणि पट्टिका हे तिघे उष्णतेत निरनिराळ्या प्रमाणात फुगतात. यंत्र प्रत्येक वेळी चालू-बंद होताना त्यांच्यात ओढाताण होते आणि हजारो ओढाताणींनंतर सर्वांत दुबळा हार खातो. हे समजण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. शिवनेरीचे कडे पाहावेत. दिवसा तापणारा आणि हिवाळी पहाटे गारठणारा तो काळा पाषाण युगानुयुगांच्या या आवर्तनाने पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. भूगर्भात अखंड उष्णतेत पडलेला दगड असा सुटत नाही.

म्हणजे आमच्या समितीने काय केले, ते लक्षात यावे. स्थिर उष्णता टाळण्यासाठी तिने चालू-बंद करण्याची आवर्तने मान्य केली, आणि ज्या गोष्टीने जोड झिजतात तिलाच काळजीचे नाव दिले. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मोठमोठ्या संगणक-केंद्रांतील नोंदी तपासून जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही याच दिशेचा होता: उपकरणांच्या बिघाडावर तापमानाचा परिणाम समजला जातो त्याहून सौम्य दिसतो, आणि हार्ड डिस्कांवरील काही दोषांच्या बाबतीत सरासरी तापमानापेक्षा तापमानातील चढउतार अधिक घातक ठरतात. गूगलने २००७ साली एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कांची पाहणी केली, तीतही गार ठेवलेल्या डिस्का अधिक टिकल्या असे आढळले नाही. हे दाखले डिस्कांचे आहेत, प्रोसेसरांचे नव्हेत, हे मी स्वतःहून सांगतो, कारण गृहस्थ ते सांगितल्याशिवाय राहणार नाहीत.

प्रोसेसर स्वतः अकाली मेल्याचा अलीकडचा मोठा दाखला हवा असेल, तर तो २०२४ सालचा आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. कंपनीने शोध घेऊन जे कारण जाहीर केले, त्यात तापमानाचाही उल्लेख होता, पण मूळ गुन्हेगार होता अवाजवी चढलेला विद्युत्-दाब. त्यावरील उपाय म्हणून ऑगस्टमध्ये सूक्ष्म-आज्ञावलीत दुरुस्ती करून दाबाला लगाम घातला गेला आणि हमी दोन वर्षांनी वाढविली गेली. पंखे मोठे करा, खोली गार करा, असे फर्मान निघाले नाही.

विद्युत्-दाबाचा विषय निघालाच आहे, तर तो गावापर्यंत आणतो. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावला जे बारमाही पाणी दिले, त्यामागोमाग विहिरी-विहिरीवर, बंधाऱ्या-बंधाऱ्यावर मोटारी आल्या. पाळीची वीज आली की शेकडो पंप एकाच क्षणी ओढ घेतात आणि घरातला दिवा कंदिलासारखा मिणमिणतो. पाळी संपून पंप एकदम सुटले की तोच दिवा डोळे दिपवितो. वीज गेली, आली, पुन्हा गेली, हे आमचे दैनिक पंचांग आहे. हा आघात प्रथम वीजपुरवठा-संच झेलतो, मग मदरबोर्ड, आणि प्रोसेसरच्या वाट्याला तो शेवटी येतो. बारा संगणकांना पुरेल असे स्टॅबिलायझर आणि यूपीएस यांवर खर्च करण्याची सूचना मी चार वर्षांपूर्वी मांडली होती. ती निधीअभावी दप्तरी दाखल झाली. अभ्र्यांच्या कापडाला मात्र निधी मिळाला.

आमच्या गावाहून तासाभराच्या आत, नारायणगावच्या पूर्वेस, खोडदची रेडिओ-दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतील चौदा मध्यभागी दाटीने, सोळा तीन दिशांना पसरलेल्या, आणि एकूण विस्तार सुमारे पंचवीस किलोमीटर. प्रत्येक तबकडीच्या नाभिस्थानी, जमिनीपासून उंच, ऊन-वारा-पावसात, रेडिओ-लहरींचे ग्राहक टांगलेले असतात, आणि ज्या उन्हाने आमचा कक्ष अकराला बंद होतो, ते ऊन त्यांच्या पेट्यांवर दिवसभर पडते. त्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत येतात, आणि तेथे यंत्रे तीसही तबकड्यांच्या संकेतांची परस्परांशी, जोडीजोडीने, अहोरात्र रुजवात घालीत असतात. ही यंत्रे लोहजालाने आच्छादलेल्या कक्षात ठेवावी लागतात, कारण संगणक स्वतःच रेडिओ-गोंगाट करतो, आणि आकाशातून येणारी कुजबुज त्या गोंगाटात बुडून जाईल. अशा बंद पेटाऱ्यात शेकडो वॅट खाणारी यंत्रे मांडीला मांडी लावून बसली, की ती उष्णता वातानुकूलनाने बाहेर काढलीच पाहिजे. गृहस्थ येथे बोट ठेवतील, ‘पाहा, तेथेही थंडावा लागतो.’ लागतो, निःसंशय लागतो. परंतु तेथे थंडावा यंत्र चालावे म्हणून आहे. आमच्याकडे थंडाव्याच्या नावाखाली यंत्र चालतच नाही.

आणि त्या कक्षातील यंत्रे बदलली गेली ती कशामुळे? आरंभी त्या कामासाठी खास घडविलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिची जागा सर्वसाधारण सर्व्हर-संगणकांच्या समूहावर चालणाऱ्या आज्ञावलीने घेतली. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण होताना ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याऐवजी ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा हाताळणारी, चित्र-प्रोसेसरांच्या बळावर चालणारी नवी यंत्रणा आली. प्रत्येक फेरपालटीचे कारण एकच होते: आकाशातून अधिक ऐकावयाचे होते. प्रोसेसरचे व्यवहारातील आयुष्य ठरते ते असे. त्याच्याकडून घ्यावयाचे काम संपते किंवा ते काम त्याच्या आवाक्याबाहेर जाते, तेव्हा तो निवृत्त होतो. ज्याच्याकडून कामच घेतले नाही, तो मात्र पहिल्या दिवसापासून निवृत्त असतो, फक्त त्याला निवृत्तिवेतन मिळत नाही.

एक साधा हिशेब मांडतो; तो तपासण्यास गृहस्थांना पाच मिनिटे पुरतील. आठवड्याला एक तासिका (ठरावापूर्वीही वहिवाट हीच होती), वर्षाला साधारण पस्तीस कामाचे आठवडे, दहा वर्षे: एकूण साडेतीनशे तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे दहा वर्षांत आमच्या प्रत्येक संगणकाने जेवढे काम केले, तेवढे खोडदच्या अखंड चालणाऱ्या यंत्राला पंधरा दिवसही पुरत नाही. त्या पंधरा दिवसांत आमची सात यंत्रे निर्लेखनास पोहोचली.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या तालुक्यांतील शाळांची मुले तेथे लोटतात. आमचीही जातात. या वर्षी परतीच्या गाडीत आठवीतल्या एका मुलीने मला विचारले, ‘सर, तिथली मशीन कधी झोपतात?’ मी तिला खरे ते सांगितले. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही, पण गाडी शाळेशी थांबली तेव्हा ती कक्षाच्या कुलपाकडे पाहत उतरली.

समितीची सभा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, आणि या लेखाची प्रत मी अध्यक्षांकडे विषयपत्रिकेसाठी पाठवीत आहे. माझी मागणी इतकीच: मार्चचा ठराव रद्द व्हावा, यूपीएसची चार वर्षांपूर्वीची सूचना दप्तरातून बाहेर काढावी, पंख्यांच्या जाळ्या दर महिन्याला ब्रशने झाडाव्यात, अभ्रे धुऊन शिवणवर्गाला द्यावेत, आणि कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटातून काढून दहावीच्या वर्गप्रमुखाच्या हवाली करावी.